तांब्यात भिजवलेली द्राक्षं

आत्याच्या ओसरीतल्या कोनाड्यात पूर्वी मिश्रीची डबी असायची. डॉक्टरांनी मिश्री बंद केली, डबी गेली आणि तिच्या जागी हिरव्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा आला. झाकणावर कसलंसं पान, आत मातकट पूड, पुडीत खुपसलेला पांढरा चमचा. सकाळी चहाच्या आधी एक चमचा, रात्री झोपताना एक. डबा संपत आला की आतेभाऊ पुण्याहून नवा पाठवतो, एसटीच्या कंडक्टरच्या हाती.

"काय असतं गं यात?" मी विचारलं.

"झाडपाल्याचं हाय. उंदरावर करून बघितलंय म्हणं."

संपादकांनी फोनवर यंदाच्या अंकाचा विषय सांगितला, 'विश्वास'. बुवा, बाबा, बँका यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मला हा डबा आठवला. 'उंदरावर करून बघितलंय' या तीन शब्दांवर एक शिकलेला मुलगा दरमहा दीड हजार रुपये घालतो आणि एक न शिकलेली आई दिवसातून दोनदा कडू पूड गिळते. या शब्दांचा माग काढायचा ठरवून मी श्रावणात जामखेडला उतरले.

जामखेडचा स्टँड म्हणजे सीमेवरची चावडी. इथून थोडं पुढं गेलं की एका बाजूला बीड लागतं, एका बाजूला धाराशिव, तिसरीकडं करमाळ्यातून सोलापूर. आजारी माणसाचंही तसंच. कुणी नगरला जातो, कुणी पुण्याला, कुणी बार्शीला आणि ज्याचं मुंबईत कुणी असेल तो थेट टाटाला. आत्याचं गाव खर्ड्याच्या रस्त्यावरच्या एका फाट्यावरून आत. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, सहा किमो झाल्या, शेक झाला. आता रोज एक बारकी पांढरी गोळी, पाच वर्षं घ्यायची. ती गोळीची पट्टी देवघरात असते. डबा मात्र ओसरीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

डबा मी हातात घेऊन उलटापालटा केला. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. औषध म्हणून वापरू नये. कायद्यानं तसं छापावंच लागतं, कारण हा माल औषधाच्या परवान्यावर विकला जात नाही, पूरक आहाराच्या परवान्यावर जातो. शिवाय १९५४ सालचा एक केंद्रीय कायदा आहे: कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात कुणालाच करता येत नाही. डब्यावर म्हणूनच कॅन्सर हा शब्द कुठंही नव्हता. तो आतेभावाच्या फोनवर होता, पुढं ढकललेल्या एका मेसेजात. त्यात उंदराचा फोटो आणि खाली लाल अक्षरं: पसरणं थांबतं.

हत्यार लागलं की

त्या लाल अक्षरांतला खरा शब्द 'थांबतं' नाही, 'पसरणं' आहे. हे मला ओसरीत बसल्यावर उमगलं.

आत्यानं गाठ आठ महिने लपवली. लाज होती, पण निव्वळ लाज नव्हती. गल्लीतल्या एका बाईची गाठ डॉक्टरांनी सुई टोचून तपासली, मग कापली, आणि वर्षभरात बाई गेली. तेव्हापासून गल्लीत एकच वाक्य: हत्यार लागलं की पसरतं. हे वाक्य मी सोलापुरात ऐकलंय, साताऱ्यात ऐकलंय, पुण्याच्या सोसायटीत इंजिनिअरच्या तोंडूनही ऐकलंय. 'तुकडा काढू नका, चवताळतो' ही त्याचीच धाकटी बहीण.

शेजारच्या गावात एक जुन्या आरोग्य कार्यकर्ती राहतात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्याच, बहुतेक निरक्षर, पुष्कळदा दलित वस्तीतल्या बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्या वेळच्या वैद्यकीय जगाला ते धाडसच वाटलं असणार. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि पुढं जगभरातून लोक हे काम बघायला जामखेडला येऊ लागले. त्या परंपरेतल्या या बाई. वय सत्तरीच्या पुढं, दाराशी खाट टाकून शेंगा फोडत बसल्या होत्या. हत्याराचं वाक्य ऐकून त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"बाई दवाखान्यात कवा जाती? फुटायला आल्यावर. तवर आतून रोग चालून गेल्याला असतो. डॉक्टर कापतो, बाई मरती. लोकांनी कापताना बघितलं, चालताना कुणी बघितलंय का?"

मी कितीतरी लेख वाचलेत, पण गैरसमज कसा जन्मतो हे इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलेलं आठवत नाही. सुईनं किंवा हत्यारानं रोग पसरल्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत आणि तपासणी न केल्यानं होणारं नुकसान त्यापुढं डोंगराएवढं. पण भीती आकड्यांवर पोसत नाही, गल्लीतल्या मयतीवर पोसते.

वापसा

पसरणं म्हणजे नेमकं काय, हे आत्याला समजावताना मला पाभरीचा आधार घ्यावा लागला. गाठीतली एखादी पेशी सुटी होते, रक्तवाहिनीची भिंत भेदून रक्तात शिरते. तिथं तिचे हाल असतात. रक्ताचा रेटा, पहाऱ्यावरच्या पेशी, अडकण्याजोग्या बारीक नळ्या. सुटलेल्या हजारो पेशींतली एखादीच कुठंतरी, फुप्फुसात, यकृतात, हाडात, बाहेर पडून मूळ धरते. स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जननं १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरनं गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासल्या. रोग वाट्टेल त्या अवयवात जात नाही, ठरावीक ठिकाणीच जातो, असं त्याला दिसलं. त्यानं त्याला बी आणि जमिनीची उपमा दिली.

"म्हंजी वापसा पायजे," आत्या म्हणाली.

पॅजेटला हा शब्द माहीत असता तर त्याचं काम सोपं झालं असतं. बी सगळीकडं पडतं, पण पाऊस उघडून जमीन वापशावर आली असेल तिथंच उगवतं.

आता उंदीर. मराठीत आपण एकच शब्द वापरतो, पण प्रयोगशाळेत दोन निराळे प्राणी असतात. मोठा वेगळा आणि हा बारका वेगळा, वीस-पंचवीस ग्रॅमचा, तळहातावर मावणारा. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेचं प्राणिगृह बघायची संधी मला मिळाली होती. बाहेर चपला काढा, झगा घाला, टोपी घाला, मग आत. पारदर्शक पेट्यांच्या ओळी, खाली भुश्याचं अंथरूण, दिवा बारा तास चालू, बारा तास बंद. काळ्या केसांच्या उंदरांची एक ओळ होती. तिथल्या मुलीनं एका उंदराला नळकांड्यात सरकवलं, फक्त शेपूट बाहेर. शेपूट कोमट पाण्यानं शेकली, शीर फुगून वर आली आणि तिनं बारीक सुईनं त्या शिरेत त्वचेच्या कॅन्सरच्या काही लाख पेशी सोडल्या. सगळा कारभार मिनिटभराचा.

या पेशींच्या वाणाचं नाव बी-सिक्स्टीन एफ-टेन. आयझाया फिडलर या शास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात त्या घडवल्या: फुप्फुसात रुजलेल्या पेशी काढायच्या, वाढवायच्या, पुन्हा टोचायच्या, असं दहा वेळा. आपण कणसातलं टपोरं बी निवडून ठेवतो, तसं त्यानं पसरण्यात तरबेज बी निवडलं. या पेशी काळा रंग तयार करतात. दोन-तीन आठवड्यांनी उंदीर मारून फुप्फुसं काढली की गुलाबी पोतावर काळे ठिपके दिसतात, तीळ उधळल्यासारखे. ते मोजायचे. ज्या उंदरांना वनस्पतीचा अर्क पाजला त्यांचे ठिपके एका रकान्यात, ज्यांना नुसतं पाणी पाजलं त्यांचे दुसऱ्या.

भारतात या पद्धतीनं पुष्कळ काम झालंय. त्रिशूरच्या अमला कॅन्सर संशोधन केंद्रातल्या रामदासन कुट्टन यांच्या गटानं १९९५ मध्ये हळदीतल्या कर्क्युमिनची अशीच परीक्षा घेतली आणि ठिपके खूपच घटल्याचं छापलं. काम खोटं नव्हे. फक्त ते कशाचं उत्तर देतं हे नीट बघायला हवं. इथं गाठ नाही, गाठीतून सुटणं नाही, तयार पेशी थेट शिरेत सोडलेल्या आहेत. बऱ्याचदा अर्क आधीपासून किंवा टोचणीच्या दिवसापासूनच चालू असतो. आत्याला पूड मिळाली ती गाठ निघून वर्ष झाल्यावर. उंदराचा हिशोब एकविसाव्या दिवशी संपतो, तिचा रोग दहा वर्षांनीही उलटू शकतो. आणि ते सगळे उंदीर एकाच वाणाचे, सख्ख्या भावंडांहून सारखे, एकाच वयाचे, एकच खाणं खाणारे. जामखेड तालुक्यात अशा दोन बायका शोधून दाखवाव्यात.

खारघरची गोळी

आत्याच्या डब्यामागच्या मेसेजात एक खरी बातमीही मिसळलेली होती, म्हणून तर तो चालला. फेब्रुवारी २०२४ अखेरीस टाटा मेमोरियलचे ज्येष्ठ सर्जन डॉ. राजेंद्र बडवे यांनी दूरचित्रवाणीवर सांगितलं की कॅन्सर पुन्हा उलटू नये म्हणून त्यांच्या संस्थेनं एक गोळी तयार केली आहे, किंमत शंभर रुपयांच्या घरात. दुसऱ्या दिवशी ही बातमी मराठी वृत्तपत्रांत होती.

गोळीमागचं काम टाटाच्या खारघर इथल्या संशोधन केंद्रात डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटानं बरीच वर्षं केलेलं. त्यांची मांडणी अशी: कॅन्सरची पेशी मरते, किमोनं मरो वा शेकानं, तेव्हा तिच्या गुणसूत्रांचे बारीक तुकडे रक्तात सुटतात. हे तुकडे दुसऱ्या निरोगी पेशींत शिरतात आणि त्यांना बिघडवतात. गटानं उंदरांमध्ये माणसाच्या कॅन्सरपेशी रुजवल्या, उपचार केले आणि असे तुकडे लांबच्या अवयवांत सापडल्याचं सांगितलं. त्यावर उतारा म्हणून द्राक्षाच्या सालीत असणारं रेस्वेरॅट्रॉल आणि अगदी सूक्ष्म प्रमाणात तांबं. दोन्ही एकत्र आली की पोटात ऑक्सिजनचे आक्रमक कण तयार होतात आणि ते या तुकड्यांचा चुराडा करतात. माणसांवरचे अभ्यासही झाले, तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर, अस्थिमज्जा रोपणाच्या रुग्णांवर; पण दोन-चार डझनांच्या आतले, आणि त्यांत मोजलं ते रक्तातल्या-गाठीतल्या खुणा किंवा तोंड येण्याचं प्रमाण. रोग उलटणं थांबतं का, हे हजारभर माणसं काही वर्षं बघितल्याशिवाय कळत नाही. अनेक कर्करोगतज्ज्ञांनी तेव्हाच घाई झाल्याचं बोलून दाखवलं. पुढं २०२५ च्या सुरुवातीला गोळी बाजारात आली तीही पूरक आहार म्हणूनच.

आत्याच्या ओसरीवर ही बातमी मी सांगितली तेव्हा भोवती पाच-सहा बायका जमल्या होत्या. द्राक्षं आणि तांबं म्हटल्यावर एकीनं पदर तोंडाला लावला.

"मंग तांब्याच्या तांब्यात द्राक्षं भिजवायची रातच्याला आन् सकाळी खायची. गोळी कशाला?"

सगळ्या हसल्या, पण प्रश्न वाजवी होता. मी हिशोब मांडला. गोळीत रेस्वेरॅट्रॉल ५.६ मिलिग्रॅम, तेवढं किलोभर हिरव्या द्राक्षांतूनही मिळेलच असं नाही, कारण ते मुख्यतः काळ्या द्राक्षाच्या सालीत असतं. तांबं ५६० नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे एक अब्ज भाग केले तर त्यातले ५६०. तांब्यातल्या पाण्यात किती उतरेल ते पाणी किती आंबट, किती वेळ ठेवलं यावर. मांडणीचा सगळा जीव प्रमाणात, आणि प्रमाण ओंजळीनं मोजता येत नाही.

मग दुसरी एक बाई, इतका वेळ गप्प बसलेली, म्हणाली, "म्हंजी किमोनंच पसरतंय तर."

मी चरकले. डॉ. मित्रांनी हे म्हटलेलं नाही, डॉ. बडव्यांनीही नाही. त्यांचं म्हणणं उपचार घ्याच, सोबत गोळी घ्या. पण बातमी खारघरहून निघाली आणि जामखेडच्या वाटेत तिला ते जुनं वाक्य भेटलं, हत्यार लागलं की पसरतं. बातमीतलं बी तिथं आधीच वापशावर आलेल्या जमिनीत पडलं. या बाईची भावजय किमो अर्धी सोडून घरी आली आहे, असं नंतर आत्याकडून कळलं.

दात काढतानाची सुई

गंमत अशी की त्याच डॉ. बडव्यांनी हत्याराच्या भीतीतला खरा अंश शोधून त्यावर उपायही करून बघितला आहे, आणि तो उंदरावर नाही. ऑपरेशनच्या वेळी गाठीला धक्का लागतो, तिचा रक्तपुरवठा बदलतो. त्या काही मिनिटांत पेशींना निसटायची प्रेरणा मिळत असेल का? मग त्याआधी गाठीभोवतीची जागा बधिर केली तर? दात काढताना देतात ते लिग्नोकेन, गाठीच्या चहूबाजूंनी टोचायचं, सात ते दहा मिनिटं थांबायचं आणि मग सुरी लावायची.

अकरा भारतीय रुग्णालयांत मिळून सोळाशे बायकांवर हे झालं. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना सुई, निम्म्यांना नाही. पाच वर्षांनी रोगाविना जगणाऱ्यांचं प्रमाण सुई न दिलेल्यांत ८२.६ टक्के, दिलेल्यांत ८६.६ टक्के. जिवंत राहिलेल्या ८६.४ विरुद्ध ९०.१. सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत हे मांडलं गेलं, २०२३ मध्ये छापून आलं. शंभर बायकांमागं चार जास्त. औषधाचा खर्च एका उसाच्या रसाच्या पार्टीएवढा.

ही बातमी माझ्या फोनवर एकदाही पुढं ढकलली गेली नाही. द्राक्षाची आली सतरा वेळा. मोजली आहेत. सुईत झाडपाला नाही, उंदराचा फोटो नाही आणि विकत घेऊन कोनाड्यात ठेवण्यासारखं तर त्यात काहीच नाही.

सदाफुली, नरक्या आणि नंदुरबारचे वाणी

झाडपाल्याला मी नाक मुरडत नाही. आत्याच्या अंगणातच तुळशीकट्ट्याला टेकून सदाफुली फुललीय, जांभळट गुलाबी. शेळ्याही तिला तोंड लावत नाहीत. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये गेली साठेक वर्षं दिलं जाणारं व्हिन्क्रिस्टिन याच झाडातलं.

ते सापडलं उंदरांमुळेच आणि चुकून. जमैकात या पाल्याचा काढा मधुमेहावर घेत. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी अर्क देऊन बघितला, साखर उतरेना, पण प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी मात्र धाडकन घटल्या. त्यांनी १९५८ मध्ये व्हिन्क्रिस्टिनचं भावंड व्हिन्ब्लास्टिन जाहीर केलं, त्याच सुमारास अमेरिकेत एका औषध कंपनीनं ल्युकेमियाच्या उंदरांवर हाच पाला वापरून बघितला. टनभर पाल्यातून व्हिन्क्रिस्टिन जेमतेम ग्रॅम-दोन ग्रॅम मिळतं आणि एका वेळी माणसाला द्यायचं ते दोन मिलिग्रॅमच्या आत. जास्त झालं तर हातपाय बधिर होतात; शिरेऐवजी चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर माणूस जातो. सदाफुलीचा रस सकाळी अनशापोटी पिणारे लोक आहेत, मधुमेहासाठी. आत्या पीत नाही एवढं मी विचारून घेतलं.

दुसरं झाड सह्याद्रीतलं, नरक्या. लाकडाला घाण वास येतो म्हणून नाव तसलं. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या जंगलांतून याची लाकडं ट्रकनं चोरून जात, कारण त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. हे द्रव्य प्रथम वेगळं केलं ते एका चिनी झाडातून, १९६६ मध्ये, अमेरिकेतल्या मनरो वॉल आणि मनसुख वाणी या जोडीनं. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, जन्म १९२५ चा, मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेला गेलेले. टॅक्सॉलची रचना उलगडणारेही हेच. २०२० मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले. आत्याच्या किमोच्या फायलीत पॅक्लिटॅक्सेल लिहिलेलं आहे, ते म्हणजे टॅक्सॉलच; नंदुरबारच्या माणसाचा हात असा तिच्या शिरेपर्यंत पोचला.

कॅम्प्टोथेसिननं उंदरांचा ल्युकेमिया उत्तम रोखला. १९७० च्या सुमारास माणसांना दिलं तर मूत्राशयाची इतकी नासाडी झाली की काम थांबवावं लागलं. रेणूत फेरफार करून, कसं चालतं ते समजून घेऊन औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळायला १९९६ उजाडलं. उंदरापासून माणसापर्यंत तीस वर्षं, आणि तेही यशस्वी झालेल्याची गोष्ट. कर्क्युमिनचं उलट. त्याच्यावर हजारो निबंध, शंभरावर मानवी चाचण्या, तरी २०१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटानं सगळं चाळून सांगितलं की दोन्ही बाजूंनी झाकून केलेल्या एकाही चाचणीत ते नीट उतरलेलं नाही. आतड्यातून ते रक्तात जातच नाही फारसं. अमेरिकेत या विषयाचे भीष्म मानले गेलेले भारत अगरवाल यांचे डझनाहून जास्त निबंध चित्रांच्या गडबडीमुळं मागं घ्यावे लागले. भाजीतल्या हळदीला याचा काही कमीपणा नाही.

दोन्हीकडून साक्ष

उंदराचं दुखणं असं की तो दोन्हीकडून साक्ष देतो. डब्यावर 'अँटिऑक्सिडंट्सनं भरपूर' असं छापलेलं असतं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये फुप्फुसाचा कॅन्सर असलेल्या उंदरांना अँटिऑक्सिडंट दिले, तर रोग वेगानं वाढला. २०१५ मध्ये त्वचेच्या कॅन्सरच्या उंदरांना दिले, तर लसिकाग्रंथींमधला प्रसार दुपटीच्या घरात गेला. रक्तातून प्रवास करणाऱ्या कॅन्सरपेशींना ऑक्सिजनचा मार बसत असतो. अँटिऑक्सिडंटनं त्यांनाच छत्री धरली. खारघरची गोळी नेमकी उलटी, मार वाढवणारी. दोन्ही वनस्पतींच्या नावानं विकता येतात, दोन्हींच्या मागं उंदीर उभा.

यात मला सगळ्यात जवळची काळजी आत्याच्या बारक्या पांढऱ्या गोळीची वाटली. ती टॅमॉक्सिफेन. यकृत तिचं रूप बदलतं तेव्हा ती कामाला लागते. रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या काही बायकांना हळदीचा अर्क आणि मिऱ्याचा अर्क देऊन बघितलं, तर रक्तातलं कामाचं औषध थोडं उतरलं. नेदरलँड्समध्येच २००२ मध्ये सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीनं इरिनोटेकानचं, म्हणजे त्या कॅम्प्टोथेसिनच्या नातवाचं, प्रभावी रूप ४२ टक्क्यांनी घटवलं होतं. झाडानं झाडाचा पाय ओढला. आपल्याकडं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२० च्या उत्तरार्धात गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं त्याला हरकत घेतली आणि वाद पेटला. गुळवेल आत्याच्या पुडीत आहे. मिरी आहे. हळद आहे. किती, ते डब्यावर लिहिलेलं नाही, 'प्रोप्रायटरी ब्लेंड' एवढंच.

भूमच्या रस्त्याला

खर्ड्याचा किल्ला मागं टाकून पुढं गेलं की भूम तालुका लागतो, त्यापुढं बार्शी. १९८७ मध्ये बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली: बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतली ३४६ गावं. रुग्ण दवाखान्यात यायची वाट न बघता माणसं गावात जायची, चावडीवर बसायची, लक्षणं सांगायची, संशय आला तर बार्शीला आणायची. काही वर्षांत गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. यंत्र नाही, गोळी नाही, नुसतं बोलणं.

पुढं तिथल्याच नर्गिस दत्त रुग्णालयानं टाटा मेमोरियल आणि एका जागतिक कर्करोग संशोधन संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांना घेऊन अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आला की गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला कारण असलेल्या विषाणूची एकदाच तपासणी केली तरी पुढच्या आठ वर्षांत त्याचे मृत्यू निम्म्यावर येतात. जगभरच्या तपासणी धोरणांमागं आज हा आकडा आहे. तुलनेच्या गटातल्या बायकांची तपासणीच केली नाही, यावर नंतर कडक टीका झाली, आणि ती मला योग्य वाटते. उंदराला संमती विचारता येत नाही. बाईला विचारता येते, पण विचारलं म्हणजे कळलं असं होत नाही.

उंदरापासून गावापर्यंतची वाट चाललेल्या डॉ. कमल रणदिवे आमच्या पुण्याच्या. मुंबईत कर्करोग संशोधक डॉ. खानोलकरांच्या हाताखाली उंदरांच्या स्तनाच्या कॅन्सरवर त्यांनी आयुष्य काढलं. उंदरीच्या दुधातून पिलाकडं जाणारा विषाणू, संप्रेरकं, वाण, सगळं. देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांची. १९८२ मध्ये पद्मभूषण. आणि उतारवयात त्या आल्या याच नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, आदिवासी मुलांची वजनं-मापं घेत. उंदीर इतका जवळून बघितलेल्या बाईला शेवटी वजनकाटा घेऊन गावात यावंसं वाटलं.

निघायच्या दिवशी सकाळी आत्यानं मला विचारलं, "त्या उंदरांचं पुढं काय झालं गं? बरं झालं का ते?"

मी सांगितलं. ठिपके मोजायचे तर फुप्फुस बाहेर काढावं लागतं. ज्यांना पूड दिली तेही मारतात, ज्यांना दिली नाही तेही. बरा होऊन पुढं जगलेला उंदीर त्या प्रयोगात नसतोच.

ती बराच वेळ बोलली नाही. चूल विझत आली होती, तिनं फुंकणी मारली. मग उठून कोनाड्यातून डबा आणला, झाकण पक्कं लावलं आणि खुंटीवरच्या कापडी पिशवीत, दवाखान्याच्या फायलीशेजारी ठेवला. सोमवारी तपासणीला जायचं होतं. एवढ्या दिवसांत डॉक्टरांना डबा कधी दाखवला नव्हता.

"रागावतील का गं?"

"रागावले तर रागावले."

"आन् पोरानं इचारलं तर?"

त्याचं उत्तर मला आलं नाही. जामखेडची एसटी फाट्यावर आल्याचा हॉर्न वाजला आणि मी चपला शोधायला लागले.